आधी ऐक, मग पाना उचल

हे बघ, बाबांची आरएक्स १०० आता तूच चालवणार आहेस, तर एक गोष्ट आधी मनात पक्की धर. कार्बोरेटर सहसा बिघडत नाही, तो तुंबतो. म्हणून "कार्बोरेटर गेला, नवा टाकावा लागेल" असं कुणी म्हणालं की लगेच पर्स उघडू नकोस. ही गाडी १९८५ ते १९९६ या काळातली. तिचा मूळ कार्बोरेटर नीट साफ केला तर आजही काम देतो, आणि बाजारातल्या स्वस्त नकलेपेक्षा चांगलं काम देतो. तो भंगारात जाऊ द्यायचा नाही.

आत फार गुंतागुंत नाही गं. इंजिन हवा खेचतं, त्या ओढीने पितळी जेटच्या बारीक भोकातून पेट्रोल वर येतं आणि फवारा होऊन हवेत मिसळतं. मूठ जेमतेम पिरगळलेली असते तेव्हा पेट्रोल येतं ते मुख्यतः स्लो जेटमधून. मधल्या टप्प्यात सुई काम करते आणि मूठ पुरती उघडली की मेन जेट. त्यामुळे गाडी मुठीच्या नेमक्या कुठल्या टप्प्यावर अडते, हे तू कान देऊन ऐकलंस की दुखणं कुठे आहे ते अर्धं कळलंच.

आपल्या भायखळ्यात तर स्लो जेटला फारच महत्त्व. सीएसएमटीकडे जायचं तर जे. जे. पुलावर दुचाकीला बंदी, ईस्टर्न फ्रीवेवरही बंदी. मग पुलाखालून, मोहम्मद अली रोडच्या गर्दीतून, पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये रांगत जायचं. मूठ पुरती उघडायची वेळच येत नाही. गाडी चोक ओढल्यावर चालते आणि चोक सोडला की मरते, सिग्नलला स्लोवर उभी राहत नाही, असं होत असेल तर पहिला संशय स्लो जेटवर घे. त्याचं भोक अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असतं. गाडी पावसाळाभर उभी राहिली, कार्बोरेटरच्या खालच्या वाटीतलं पेट्रोल उडून गेलं आणि मागे चिकट थर राहिला, की ते बुजायला वेळ लागत नाही.

पण थांब, लगेच कार्बोरेटर उतरवू नकोस. आधी प्लग काढून बघ. विटकरी-तपकिरी रंग असेल तर मिश्रण ठीक. काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी, तेव्हा आधी एअर फिल्टर बघायचा आणि चोक पूर्ण परततोय का ते बघायचं. आणि प्लग पांढराफटक दिसला तर गाडी तशीच पळवायची नाही, हे मी तुला बजावून सांगते. पेट्रोल कमी पडतंय, इंजिन तापतंय. पनवेलच्या पुढे मोकळा रस्ता लागला आणि तू मूठ पिळलीस, तर टू-स्ट्रोकचा पिस्टन जाम होऊन मागचं चाक अडकू शकतं. यात पैशांपेक्षा तुझ्या जिवाची काळजी आहे मला.

गाडी थोडी चालून बंद पडते आणि टाकीचं झाकण उघडलं की पुन्हा सुरू होते? मग झाकणातलं हवेचं भोक बुजलंय, कार्बोरेटरचा काही दोष नाही. टाकीखालच्या पेट्रोल कॉकची जाळी बघ, टाकीत टॉर्च मारून गंज बघ. मुंबईच्या दमट हवेत अर्ध्या रिकाम्या टाकीला आतून गंज धरतो आणि तोच भुगा खाली जेटमध्ये उतरतो. टाकी साफ केल्याशिवाय कार्बोरेटर कितीही धुतलास तरी थोड्या दिवसांत पुन्हा तेच.

आता साफ करायचं ते असं. कॉक बंद कर, वाटी सोडव, खाली ताट ठेव, स्क्रू एका कागदावर क्रमाने मांड आणि प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढ. रबरी वॉशर आणि फ्लोट आधी बाजूला काढायचे, कारण क्लीनरने रबर फुगतं. मग क्लीनरचा फवारा मार आणि पंक्चरवाल्याकडच्या हवेने प्रत्येक वाट फुंकून घे. जेटमध्ये तार किंवा सुई कधीच घालायची नाही. पितळ मऊ असतं, भोक किंचित मोठं झालं तरी मिश्रणाचं प्रमाण कायमचं बिघडतं. जेट उजेडासमोर धर, गोल स्वच्छ ठिपका दिसला की झालं. जेट बदलावाच लागला तर जुना सोबत घेऊन ऑपेरा हाउसच्या स्पेअरपार्टच्या दुकानांत जा. त्याच्यावर नंबर कोरलेला असतो, त्याच नंबरचा माग.

पाइपातून पेट्रोल ठिबकत असेल तर फ्लोटची सुई बघ. गच्चीवरच्या टाकीतल्या बॉलकॉकसारखंच काम आहे तिचं, पातळी वर आली की दार बंद करायचं. टोकाला कचरा अडकला किंवा टोक झिजलं की दार नीट लागत नाही. म्हणून गाडी उभी केलीस की कॉक बंद, ही सवयच लाव.

स्लो आपोआप चढत असेल, मूठ सोडूनही इंजिन ओरडत राहत असेल, तर कार्बोरेटर आणि इंजिनमधल्या जोडावर साबणाचं पाणी शिंपड. आवाज बदलला की समज, तिथून हवा खेचतेय. पॅकिंग बदल. काही जण यासाठी पेट्रोल शिंपडतात, तू तसलं धाडस करायचं नाहीस.

सगळ्यात शेवटी एअर स्क्रू. तो हलकेच आत बसव, दाबू नकोस, मग साधारण दीड फेरी बाहेर काढ. इंजिन गरम झाल्यावर थोडा आत-बाहेर करून जिथे आवाज सर्वांत सलग लागतो तिथे सोड. या गाडीत स्क्रू बाहेर काढला की हवा वाढते, हे लक्षात ठेव. नंतर पीयूसीच्या चिठ्ठीवर सीओचा आकडा वाच. २००० सालाआधीच्या दुचाकीला ४.५ टक्क्यांपर्यंत मुभा आहे. तुझा आकडा त्याच्या आसपास घुटमळत असेल तर पेट्रोल अजून जास्त जातंय.

आणि हल्लीच्या पेट्रोलचं सांगते. त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. आपल्या गाडीची रबरं त्या काळात या पेट्रोलसाठी बनलेली नाहीत. म्हणून गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर वाटी रिकामी करून ठेव आणि पाइप दरवर्षी तपास. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ आलं आणि नव्या गाड्यांतून कार्बोरेटर जवळजवळ गेलाच. नव्या मुलांना तो शिकायची गरज उरली नाही. जुना हात असलेला मेकॅनिक सापडला तर त्याला धरून राहा. त्याच्याशी वाद घालू नकोस, शेजारी उभी राहा, काय काढलं, काय घातलं ते विचार, जुना भाग परत माग. बाई माणूस विचारतेय म्हणून कुणी हसलं तरी विचारणं सोडायचं नाही.

एक मात्र माझ्यासाठी पाळ. हे काम चाळीच्या गॅलरीत करायचं नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत सरकत शेजारच्या शेगडीपर्यंत किंवा देवापुढच्या दिव्यापर्यंत जाते, आणि आपल्या चाळीत सगळं लाकूड. मुंबई अग्निशमन दलाचं मुख्यालय आपल्याच भायखळ्यात आहे. १४ एप्रिल १९४४ च्या गोदीतल्या स्फोटात या दलाचे ६६ जवान गेले, त्यांचं स्मारक तिथे आहे. आपल्या हलगर्जीपणाने या दलातल्या कुणाला धावत यायला लागू नये. खाली मोकळ्यावर, दिवसाउजेडी, वाळूची बादली जवळ ठेवून बस.

घाई करू नकोस. या रविवारी फक्त प्लग काढ, एअर फिल्टर झटक आणि टाकीत डोकाव. प्लगचा फोटो मला पाठव, पुढचं आपण दोघी ठरवू.

तुझी ताई