दूरदृष्टिता आणि लेसर शस्त्रक्रिया : काही वर्षांनंतरचे चित्र

दूरदृष्टी हा गुण, तर दूरदृष्टिता हा डोळ्यांचा दोष. या दोषात नेत्रगोल प्रमाणापेक्षा आखूड असतो किंवा डोळ्याच्या दर्शनी भागावरील पारदर्शक पटल, म्हणजेच पारपटल, पुरेसे वक्र नसते. परिणामी प्रकाशकिरण दृष्टिपटलावर एकत्र येण्याऐवजी त्याच्या मागे एकत्र येऊ पाहतात. तरुणपणी डोळ्यातील लवचिक भिंग फुगून ही उणीव भरून काढते. त्यामुळे विशीतील माणसाला या दोषाची वार्ताही नसते. वय वाढते तसे भिंग ताठर होते आणि दडून राहिलेला नंबर हळूहळू बाहेर येतो. शस्त्रक्रियेनंतरच्या पुष्कळशा निराशेचे मूळ येथेच आहे.

या शस्त्रक्रियेत वापरला जाणारा एक्सायमर लेसर अतिनील किरणांचा असतो. तो उष्णतेने न जाळता ऊतींचा अत्यंत पातळ थर काढून टाकतो, हे मूळचे मद्रासचे रसायनशास्त्रज्ञ रंगस्वामी श्रीनिवासन यांनी आपल्या सहकाऱ्यांसह अमेरिकेत १९८१ मध्ये दाखविले. १९८३ मध्ये नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल यांच्याबरोबर त्यांनी हा प्रयोग पारपटलावर केला. निकटदृष्टितेसाठी अमेरिकेत या उपचारास १९९५ मध्ये मान्यता मिळाली. दूरदृष्टितेसाठी मात्र १९९८ उजाडले.

या विलंबामागे कारण होते. निकटदृष्टितेत पारपटलाचा मध्यभाग सपाट करावयाचा असतो आणि ते काम त्यामानाने सोपे. दूरदृष्टितेत मध्यभाग उंचवावा लागतो. लेसरने तेथे भर घालता येत नाही. म्हणून मध्याभोवती कड्यासारखा चर काढून मध्यभागाला अधिक वक्रता दिली जाते. बांधाशेजारी खणलेला चर पावसाळ्यागणिक गाळाने थोडा थोडा भरावा, तसा हा चरही वरच्या पेशींचा थर जाड होऊन अंशतः भरतो आणि मिळालेल्या सुधारणेचा काही भाग ओसरतो. ही घट बहुधा पहिल्या वर्षात अधिक व पुढे संथ असते. त्यातच भिंगाने लपविलेला नंबर वयाबरोबर प्रकट होतो, तेव्हा रुग्णाला वाटते की शस्त्रक्रियाच फसली. भिंगाला विश्रांती देणारे थेंब घालून केलेली पूर्वतपासणी म्हणूनच टाळता येण्याजोगी नाही.

सुमारे ३ डायॉप्टरपर्यंतच्या नंबरात या उपचाराचे फळ सामान्यतः समाधानकारक मिळते. ४-५ डायॉप्टरच्या पुढे मात्र अंदाज चुकू लागतो. पारपटल फार उंचावले तर चष्मा लावूनही पूर्वीइतके स्पष्ट न दिसण्याचा संभव असतो. डोळे कोरडे पडण्याची तक्रारही आढळते. पारपटलाच्या कडेला लेसरने उष्णता देऊन ते आकुंचित करण्याची आणखी एक पद्धत २००० च्या सुमारास अमेरिकेत आली होती. तिला मान्यता देतानाच परिणाम तात्पुरता असल्याचे नमूद करण्यात आले होते. ती मागे पडली यात नवल नाही.

लेसर बदलतो तो फक्त पारपटलाचा आकार. नेत्रगोल आखूड तो आखूडच राहतो. अशा लहान डोळ्यात द्रव वाहून जाण्याची वाट अरुंद असल्याने एका प्रकारच्या काचबिंदूचा धोका अधिक असतो, आणि चष्मा सुटल्यामुळे तो धोका सुटत नाही. नेत्रदाब व त्या अरुंद वाटेची तपासणी ठरावीक काळाने करून घ्यावीच लागते. चाळिशीही चुकत नाही. वाचनाचा चष्मा पुढे बहुतेकांना लागतो.

पुढे मोतीबिंदू झाला, म्हणजे कृत्रिम भिंगाची शक्ती ठरविताना डॉक्टरांपुढे वेगळीच अडचण उभी राहते. पारपटलाची मूळ वक्रता बदललेली असल्याने नेहमीची गणिते चुकतात. लेसरपूर्वीचा नंबर, पारपटलाची मापे व शस्त्रक्रियेची तारीख असलेले कागद रुग्णाने जपून ठेवले असतील, तर वीस-पंचवीस वर्षांनंतरही तेच त्या डॉक्टरांच्या उपयोगी पडतात.