पाया खणण्याआधी घर एकदा चालून बघा

घरकुलाच्या यादीत नाव आलं की घरात आधी पेढे येतात. मग आधार, पासबुक, नमुना 8 चा उतारा अशी धावपळ. आणि एके दिवशी मिस्त्री जागेवर येतो, चार पावलं इकडे, चार तिकडे टाकतो आणि म्हणतो, "पुढं हॉल, मागं किचन. झालं." आणि खरंच तेवढ्यावरच होतं. त्या घरात रोज भाकरी थापणारी, पाणी भरणारी, म्हाताऱ्या माणसाला रात्री उठवून बाहेर नेणारी बाई तिथंच चहाचा ट्रे घेऊन उभी असते. तिला कुणी विचारत नाही. तीही बोलत नाही, कारण नकाशा म्हणजे शिकलेल्या माणसाचं काम असं तिला वाटतं.

म्हणून या अंकाचा पाठ घराच्या नकाशाचा. पुस्तकातला नाही, आमच्या साखऱ्यात एका घरकुलाच्या जागेवर आम्ही गटातल्या बायांनी प्रत्यक्ष केलेला.

आमच्या गटातल्या एका ताईला घरकुल मंजूर झालं. घरात पाच माणसं: ती, नवरा, सासूबाई, अकरावीतली मुलगी आणि लहान मुलगा. शिवाय दोन शेळ्या, आणि सुगी झाली की सोयाबीनची दहा-बारा पोती. जागा 20 फूट रुंद, 36 फूट लांब. गल्ली पश्चिमेला, परस पूर्वेला, दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती. सोमवारी पाया खणायचा होता. ती शनिवारच्या बैठकीत बचत भरताना सहज म्हणाली, "न्हाणी अन् संडास गल्लीच्या तोंडाला घ्यायलेत. पोरगी आंघोळीला जाणार कशी गं?" त्या दिवशी वसुलीचा विषय नंतर घेतला.

आधी पैशाचं बघू. प्रधानमंत्री आवास योजनेत आपल्यासारख्या सपाट भागात घरासाठी 1,20,000 रुपये, आणि शौचालयासाठी पात्र असलेल्यांना वेगळे 12,000. घर किमान 25 चौरस मीटर हवं, म्हणजे साधारण 269 चौरस फूट, आणि त्यातच स्वयंपाकाची जागा धरलेली आहे. तेवढ्या पैशात मोठं घर होत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. पुढं मोठा हॉल पाहिजे, वर जिना पाहिजे म्हणून वाढवलेला प्रत्येक फूट शेवटी गटाच्या कर्जातून किंवा सावकाराकडून येतो. आम्ही त्या ताईला एकच सांगितलं, घर मोठं करू नको, आहे त्या मापात रेघा हलव. रेघ हलवायला पैसे लागत नाहीत.

मिस्त्रीने घर बाहेरून 15 बाय 20 धरलं होतं, म्हणजे 300 चौरस फूट. पण भिंत 9 इंचांची. दोन्ही बाजूंच्या भिंती वजा केल्या की आत उरतात साडेतेरा बाय साडेअठरा, म्हणजे 250 फूट. मधल्या भिंतीने आणखी पाच खाल्ले. हे गणित ताईच्या मुलीने वहीवर केलं, आणि घरातल्या पुरुष मंडळींनाही ते नवीन होतं. कुणी तुम्हाला खोलीचं माप सांगितलं तर आधी विचारा, आतून की बाहेरून?

रविवारी सकाळी आम्ही सात जणी जागेवर गेलो. सोबत 50 फुटी टेप, सुतळी, आठ खुंट्या आणि घमेलंभर फक्की. चार कोपऱ्यांना खुंट्या ठोकल्या, सुतळी ताणली. कोपरा काटकोनात आहे का हे बघायला यंत्र लागत नाही. एका बाजूला 3 फूट, दुसरीला 4 फूट मोजा, तिरकं माप 5 फूट आलं की कोपरा बरोबर. आणि 15 बाय 20 च्या घराला तर फारच सोपं: समोरासमोरच्या खुंट्यांमधलं तिरकं अंतर दोन्हीकडे 25 फूट भरलं पाहिजे. आमचं पहिल्यांदा एकीकडे पंचवीस आणि दुसरीकडे सव्वापंचवीस आलं, खुंटी सरकवली, मग जमलं. मिस्त्री लांबून बघत होता. तिसऱ्या खुंटीला तो स्वतःच येऊन सुतळी धरायला लागला.

मग फक्की टाकून भिंती आखल्या, दारांच्या जागी रेघ मोकळी सोडली, आणि घरातली खरी बाज उचलून आणून "हॉल"मध्ये टाकली. तायांनो, हीच खरी पायरी आहे. कागदावर बाज कुठंही मावते. जमिनीवर ठेवली की कळतं, दार उघडायला 3 फूट जागा लागते आणि बाजेचा पाय तिथंच येतो. ताईला सांगितलं, आता सकाळपासून रात्रीपर्यंत जे करतेस ते या रेघांमध्ये करून दाखव. पाणी आण. भाकरी कर. पोतं उचलून ठेव. आईंना रात्री बाहेर ने. ती आधी लाजली, मग चालायला लागली, आणि पंधरा मिनिटांत घराच्या खोड्या आपोआप बाहेर आल्या.

पहिली खोडी, स्वयंपाकघर. पुढची खोली 12 फूट आणि मागची फक्त 6 फूट. 2 फुटांचा ओटा घातला की मागे 4 फूट उरतात, त्यात सिलेंडर, पाण्याची भांडी आणि ती. खिडकी कुठं? नव्हतीच, कारण मिस्त्रीने दोन्ही बाजूंना अडीच-अडीच फुटांचे बोळ सोडले होते आणि मागे दारही नव्हतं. आम्ही मधली भिंत सरकवली: पुढं साडेनऊ, मागं साडेआठ. यावरून बरंच बोलणं झालं. भावजी म्हणाले, "पाव्हणे आले तर बसतील कुठं?" ताई म्हणाली, "पाव्हणे वर्षातून चारदा येतात. मी रोज हाय." सासूबाई हसल्या, तेव्हा भावजींचा नाइलाज झाला.

दुसरी, बोळ. अडीच फुटांचे दोन बोळ म्हणजे दोन्ही बिनकामाचे, उंदरांची सोय. सगळं घर उत्तरेकडे सरकवलं, तिकडे फक्त 1 फूट ठेवला आणि दक्षिणेला 4 फुटांचा सलग बोळ मिळाला. त्यातून शेळ्या मागे जातात, सरपणाचा भारा जातो, आणि ओट्यावरची खिडकी त्या बोळात उघडते. स्लॅबचा उतार मात्र बोळाकडेच ठेवायला लावला. शेजाऱ्याच्या भिंतीवर पाणी पडलं तर पहिल्याच पावसात भांडण.

तिसरी, परस. पुढं 12 फूट अंगण आणि मागे 4 फूट असं होतं. आम्ही पुढं 5 ठेवले, मागे 11 घेतले. त्यामुळं न्हाणी आणि संडास गल्लीवरून उठून परसात गेले, आणि स्वयंपाकघरातून मागे जायला दार आलं. पुढचं दार, मधलं दार आणि मागचं दार एका रेषेत ठेवलं. आपल्याकडे उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात वारा बहुतेक पश्चिमेकडून येतो, तो आरपार जातो. गॅस असला तरी भाकरी आणि आंघोळीचं पाणी अजून चुलीवरच आहे, म्हणून चूल परसात आग्नेयेच्या कोपऱ्यात. धूर बाहेरच निघून जातो. शास्त्र आणि वारा इथं एका बाजूला पडले, बरं झालं.

संडासाचं मात्र तसं झालं नाही. आम्ही तो ईशान्येला धरला होता, सासूबाईंनी स्पष्ट नाही म्हटलं. कुणी समजावायला गेलं नाही. संडास परसाच्या मध्यावर घेतला, ईशान्येला तुळस. त्यांच्या गुडघ्यांकडे बघून दाराजवळ पायऱ्यांऐवजी उतार आणि भिंतीला धरायला दांडी ठरवली, त्यावर त्या खूश. शौचालयाचे खड्डे दोन, प्रत्येक साधारण 3 फूट व्यासाचा, दोघांमध्ये 3 फूट अंतर, आणि पूर्वेच्या कुंपणाकडे. विहीर किंवा बोअर असेल तर खड्डा त्यापासून किमान 10 मीटर लांब हवा. आपली काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हात भेगाळते, म्हणून खड्ड्याचं किंवा न्हाणीचं पाणी पायाजवळ मुरू देऊ नका. पायासुद्धा काळ्या मातीवर थांबवू नका, घट्ट मुरूम लागेपर्यंत खाली जा. इथं फूटभर खोदाई वाचवली की पुढं भिंतीला तडा ठरलेला.

चौथी गोष्ट मुलीची. ती काही बोलली नाही, पण तिच्या आईने विचारलं, ही कपडे कुठं बदलणार, अभ्यास कुठं करणार? मागच्या खोलीत उत्तरेकडे 5 फूट जागा अर्ध्या भिंतीने वेगळी केली. तिला तिथं कोपऱ्यालगत खिडकी हवी होती. ती मात्र आम्ही तशी होऊ दिली नाही, आणि त्याचं कारण सगळ्यांनी ऐकण्यासारखं आहे.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचं मातीचं जड माळवद झोपलेल्या माणसांवर कोसळलं. हजारो माणसं गेली. नंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत घरं पुन्हा बांधताना आणि दुरुस्त करताना गावोगावच्या महिला मंडळांतल्या बाया संवाद सहायक म्हणून पुढं आल्या. प्रेमा गोपालन यांच्या स्वयम् शिक्षण प्रयोग संस्थेने त्यांना उभं केलं. घर मजबूत कशाने होतं हे त्या शिकल्या आणि घरोघरी सांगत फिरल्या. आपल्या हिंगोली जिल्ह्यातही 2024 मध्ये 21 मार्चला आणि 10 जुलैला, दोन्ही वेळा 4.5 तीव्रतेचे धक्के बसले. दोन्ही सकाळी. भांडी वाजली तेव्हा आपण सगळ्याच बाहेर पळालो होतो, आठवतंय ना?

तर नियम असे. दार-खिडकी कोपऱ्यापासून किमान 2 फूट लांब. दोन उघड्या जागांमध्ये किमान 2 फूट भिंत. एका भिंतीतल्या सगळ्या दार-खिडक्यांची रुंदी मिळून भिंतीच्या निम्म्यापेक्षा कमी. आणि लिंटलची पट्टी फक्त दारावर नाही, चारही भिंतींवरून सलग, लोखंडासह. यात पैसा वाचवायचा नाही. मुलीची खिडकी कोपऱ्यापासून 2 फूट सोडून घेतली, तर ती मागच्या दाराला चिकटली. मग तिन्ही दारं थोडी दक्षिणेला सरकवली. फक्की पायाने पुसली, पुन्हा टाकली. असं त्या दिवशी एकूण पाच वेळा पुसलं.

पोत्यांची जागा पुढच्या खोलीत दक्षिणेला: सहा-सहाच्या दोन थप्प्यांना 4 बाय 3 फूट, खाली फळ्या, भिंतीपासून वीतभर दूर. जिना काढून टाकला. यावर भावजी अजून नाराज आहेत, पण सध्या लोखंडी शिडीवर भागलंय.

दुपारी आखणी पक्की झाली तेव्हा मुलीने ती वहीत मापांसह उतरवली, मोबाइलवर फोटो काढला आणि संध्याकाळीच ग्रामीण गृहनिर्माण अभियंत्यांना दाखवायला पाठवला. त्यांना विचारल्याशिवाय बदल करू नका, कारण हप्ता टप्प्याटप्प्याच्या फोटोवर आणि तपासणीवर मिळतो. आणि एक कागद विसरू नका: घर पती-पत्नी दोघांच्या नावे किंवा तुमच्या नावे मंजूर होतं, तसंच ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वरही दोघांची नावं लागली का, हे स्वतः उतारा काढून वाचा.

आता ताई त्या घरात राहायला गेली आहे. परवा तिच्याकडे चहाला गेलो तर आमचीच एक चूक दिसली. विजेचा बोर्ड दाराच्या मागे गेलाय. दिवा लावायचा तर आधी आत जाऊन दार लोटावं लागतं, अंधारात. बाज, पोती, चूल सगळं मांडलं होतं, बोर्ड कुणाच्या लक्षातच आला नाही.

पुढच्या महिन्यात वाडीतल्या दोन घरकुलांची आखणी आहे. ज्यांना बघायला यायचं असेल त्यांनी टेप आणि खुंट्या आणाव्यात, फक्की ग्रामसंघाकडे आहे.