महाग यंत्र घ्यावें कीं स्वस्त ?

पेट्रोलवर चालणारा ब्रशकटर किंवा बॅटरीवर चालणारी छाटणीची कात्री घ्यावयाची झाल्यास, चौपट किमतीचें नामांकित यंत्र खरोखर चौपट टिकतें काय, असा प्रश्न बागाइतदार बंधूंपुढें हल्लीं वारंवार येतो. ‘जसा दाम तसें काम’ एवढें म्हणून तो सुटत नाहीं. त्याचा थोडा हिशेब मांडला पाहिजे.

जास्त किमतीचा कांहीं भाग यंत्रांत खरोखर उतरतो. अशा यंत्रांचीं बेअरिंगें चांगल्या प्रतीचीं असतात, सिलिंडरची घडण काटेकोर असते, आणि बॅटरीच्या हत्यारांत बहुधा कार्बन ब्रश नसलेली मोटर असते. कार्बन ब्रश घासून झिजतात व बदलावे लागतात. ब्रश नसलेल्या मोटरींत झिजण्याचें हें ठिकाणच राहत नाहीं. किमतीचा दुसरा भाग नांवाचा व जाहिरातीचा असतो. पण निष्काळजीपणावर कोणतीही किंमत उपाय करूं शकत नाहीं. दोन-स्ट्रोक इंजिनास वंगण पेट्रोलांत मिसळूनच मिळतें. कारखान्यानें १ लिटर पेट्रोलास २० मिलिलिटर तेल सांगितलें असतां गड्यानें निव्वळ पेट्रोल भरलें, तर उंची इंजिनाचा पिस्टनही जाम होतो.

आतां उदाहरणादाखल असें धरूं कीं, ८,००० रुपयांचें यंत्र एकंदर ६० दिवस काम देतें व ३२,००० रुपयांचें ३०० दिवस. पहिल्याचा रोजचा खर्च सुमारें १३३ रुपये व दुसऱ्याचा १०७ रुपये पडतो. ज्याच्या बागेंत वर्षाकाठीं ६० दिवस काम आहे, त्याचें महाग यंत्र ५ वर्षांत आपली किंमत पुरी फेडतें. पण ज्यास १० दिवसच काम, त्यास ३०० दिवस भरण्यास ३० वर्षें लागतील. तोंपर्यंत इंधनाच्या नळ्या कडक होतील व सुटे भाग मिळेनासे होतील. बॅटरी तर न वापरतांही वर्षागणिक उतरत जाते. अशानें महाग यंत्र घेणें म्हणजे न वापरलेल्या टिकाऊपणाचे पैसे भरणें होय.

परंतु आमच्या मतें खरी कसोटी यंत्र बंद पडेल त्या दिवसाची आहे. ब्रशकटर दोन दिवस दुरुस्तींत राहिला तर गवत दोन बोटें वाढेल, इतकेंच. द्राक्षाच्या आक्टोबर छाटणींत तसें नाहीं. छाटणीमागोमाग डोळे एकसारखे फुटावे म्हणून हायड्रोजन सायनामाइड लावावयाचें असतें. छाटणी मध्येंच खोळंबली, तर एकाच बागेंत निम्मी फूट पुढें व निम्मी मागें राहते, आणि फवारणीपासून काढणीपर्यंत प्रत्येक काम दोन हप्त्यांनीं करावें लागतें. ज्या कामास मुहूर्त आहे, त्याच्या हत्यारास जास्त दाम देणें योग्य होय. आणि तें हत्यार कितीही उंची असलें तरी धार लावलेल्या हातकात्र्या जवळ असाव्याच.

कधींच न बिघडणारें यंत्र कोणत्याही किमतीस मिळत नाहीं. म्हणून दुकानदारास विचारावें कीं, कार्बुरेटर, क्लच, स्टार्टर व पातें तालुक्याच्या गांवीं तयार मिळतात काय ? हमी किती महिन्यांची, व ती लेखी आहे काय ? मध्यप्रदेशांत बुदनी येथें केंद्र सरकारच्या संस्थेंत शेतीयंत्रांची चाचणी होते. घ्यावयाच्या यंत्राचा चाचणी-अहवाल असल्यास तो मागून पाहावा. ज्याचे भाग येण्यास पंधरा दिवस लागतात, तें यंत्र महाग असूनही भरंवशाचें नव्हे. ज्याचा मिस्त्री दोन कोसांवर आहे, तें मध्यम प्रतीचें यंत्रही भरंवशाचें ठरतें.

वर्षाचें काम किती दिवसांचें, यंत्र बंद पडल्यास नुकसान किती, आणि दुरुस्ती किती लांब, या तीन प्रश्नांचीं उत्तरें कागदावर लिहूनच बाजारांत जावें, असें आम्ही सुचवितों. ज्यांचें काम थोडें आहे अशा तिघाचौघांनीं मिळून एकच उत्तम ब्रशकटर घेतल्यास त्याचे दिवसही भरतील व खर्चही झेपेल. मात्र पेट्रोलांत तेल मिसळण्याचें काम त्यांपैकीं एकाच जबाबदार माणसाकडे ठेवावें.