जुन्या विजेच्या स्कूटरची बॅटरी आणि कंट्रोलर बदलताना



गेल्या महिन्यात प्रार्थनेनंतर दहावीच्या एका विद्यार्थ्याने आम्हाला व्हरांड्यात गाठले आणि विचारले, "सर, माझ्या स्कूटरमध्ये चारच्या जागी पाच बॅटऱ्या बसवल्या तर ती किती पळेल?" प्रश्न चांगला होता. हाच प्रश्न दोन वर्षांपूर्वी आम्ही स्वतः एका दुकानदाराला विचारला होता आणि त्याच्या उत्तराची किंमतही मोजली होती. म्हणून या अंकातला पाठ त्या प्रश्नावरच.

आधी एक कबुली. आमचे विज्ञानाचे शिक्षण इंदूरला हिंदी माध्यमात झाले. तिथे 'प्रतिरोध' शिकलो, मराठी पुस्तकात तो 'रोध' होतो. तेव्हा कुठे शब्दात हिंदीचा वास आला तर मराठीच्या बाईंनी सांभाळून घ्यावे. तारेला मात्र भाषा कळत नाही, ती दोन्हीकडे सारखीच तापते.

आमची स्कूटर

आमच्याकडे कमी वेगाची जुनी स्कूटर आहे. मागच्या चाकातच २५० वॅटची मोटर, पायाखाली १२ व्होल्टच्या चार शिसे-आम्ल बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या, म्हणजे ४८ व्होल्ट. अशी बॅटरी फ्रान्सच्या गास्तों प्लांते यांनी १८५९ साली बनवली. ती स्वस्त आणि भरवशाची असते, पण जड असते. आमच्या चारांचे वजन २८ किलोच्या आसपास होते. रोज पार उतरवली की दोन-अडीच वर्षांत ती म्हातारी होते. आमचीही झाली. घर ते शाळा आणि परत एवढ्यातच दम सुटू लागला.

दुकानदार म्हणाला, "सर, नव्या चार घालताय तर पाचवी पण घाला. ६० व्होल्ट होतील, गाडी उडेल." आम्ही भौतिकशास्त्र शिकवणारे, पण त्या दिवशी ग्राहक झालो आणि हो म्हणालो.

दोन दिवस गाडी खरेच उडाली. तिसऱ्या दिवशी सकाळी चार्जरवरून काढून निघालो, मागे आठवीतली मुलगी बसलेली. पलासियाच्या चौराह्यावर हिरवा दिवा लागला, मूठ पिळली आणि सीटखाली फट्‌ असा आवाज झाला. गाडी जागीच थांबली. ढकलू गेलो तर चाकही फिरेना. मागून सिटी बस येत होती. एका रिक्षावाल्याने मागची बाजू उचलून धरली म्हणून आम्ही बाजूला होऊ शकलो. मुलगी काही बोलली नाही, पण आठवडाभर मागे बसायला तयार नव्हती.

नेमके काय झाले?

घरी कंट्रोलर उघडला. कंट्रोलर म्हणजे बॅटरी आणि मोटर यांच्यामधला पत्र्याचा डबा. बॅटरीची सरळ वीज तो मोटरच्या तीन जाड तारांमध्ये आळीपाळीने सोडतो. कोणत्या क्षणी कोणत्या तारेत सोडायची हे त्याला मोटरमधले तीन हॉल सेन्सर सांगतात. हे सोडणे-थांबवणे मॉस्फेट नावाचे इलेक्ट्रॉनिक स्विच करतात. प्रत्येक तारेला निदान दोन, म्हणजे लहान कंट्रोलरमध्ये सहा असतात.

आत एक मोठे धारित्र फुटलेले होते. त्याच्या अंगावर छापले होते, ६३ व्होल्ट. आता गणित करू. १२ व्होल्टची शिसे-आम्ल बॅटरी चार्जरवर असताना १४.७ व्होल्टपर्यंत जाते आणि काढल्यावर हळूहळू १२.७ च्या आसपास स्थिरावते. चार बॅटऱ्यांचे जास्तीत जास्त झाले ५८.८, हे ६३ च्या आत आहे. पाच बॅटऱ्या स्थिरावल्यावरही ६३.५ आणि नुकत्याच चार्जरवरून काढलेल्या असतील तर त्याहून वर. म्हणजे "६० व्होल्ट" हे फक्त नाव होते. नावावर विसंबलो आणि मोजमाप विसरलो, ही चूक दुकानदाराइतकीच आमची.

धारित्राबरोबर मॉस्फेटही जळून आतल्या आत जुळले होते. त्यामुळे मोटरच्या तारा एकमेकींना जोडल्या गेल्या, चाक फिरवताच मोटर जनित्र बनली आणि स्वतःलाच अडवू लागली. अशा वेळी चावी बंद करून मोटरच्या तीन जाड तारा कंट्रोलरपासून सोडवल्या की चाक मोकळे होते. ही गोष्ट चौकात माहीत असती तर रिक्षावाल्याला त्रास पडला नसता.

लिथियम बसवताना

मग आम्ही सावकाश, वही-पेन घेऊन काम केले. लिथियम-आयन बॅटरीच्या शोधासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, हे अकरावीच्या मुलांनी लक्षात ठेवावे. स्कूटरमध्ये तिचे दोन प्रकार प्रामुख्याने येतात. निकेल-मँगनीज-कोबाल्टचा सेल पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्टचा, आणि लोह-फॉस्फेटचा ३.६५ व्होल्टचा. पहिला हलका, दुसरा थोडा जड, पण उष्णता अधिक सोसणारा आणि जास्त वर्षे चालणारा. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४२ च्या वर जातो, म्हणून आम्ही दुसरा घेतला.

लोह-फॉस्फेटचे १६ सेल ओळीने जोडले की ५१.२ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर ५८.४. म्हणजे ४८ व्होल्टच्या कंट्रोलरला चालण्यासारखे. २४ अँपिअर-तासांचा पॅक १२ किलोच्या आसपास भरला, गाडीचे १६ किलो ओझे उतरले. चार गोष्टी आम्ही तपासल्या, त्या क्रमाने सांगतो.

१. चार्जर बदलणे. जुना चार्जर नव्या बॅटरीला लावू नये. निकेल-मँगनीज-कोबाल्टच्या १३ सेलच्या पॅकला ५४.६ व्होल्ट पुरतात. जुना चार्जर ५८.८ पर्यंत गेला तर एकेका सेलवर ४.५ व्होल्ट येतात, आणि हीच आगीची सुरुवात असते.

२. बीएमएस. पॅकमधले हे रक्षक मंडल प्रत्येक सेलवर नजर ठेवते आणि मर्यादा ओलांडताच वीज तोडते. कंट्रोलर जितका प्रवाह मागेल त्याहून बीएमएसची क्षमता जास्त हवी. आमचा कंट्रोलर १५ अँपिअरचा, बीएमएस ३० चा.

३. तार आणि फ्यूज. कंट्रोलर १५ ऐवजी ३० अँपिअरचा घेतला तर तारेत उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते, कारण ती प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे वाढते. जुनी तार आणि जुना जोड वितळायला एवढे पुरते. आम्ही बॅटरीजवळ २० अँपिअरचा फ्यूज बसवला.

४. पॅकवरची माहिती. २०२२ मध्ये देशात विजेच्या स्कूटरांना आगी लागल्या. त्यानंतर पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनने प्रसिद्ध केलेले एआयएस-१५६ हे मानक अधिक कडक झाले आणि १ डिसेंबर २०२२ व ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. नाव, क्षमता, बनवल्याची तारीख यातले काहीच नसलेला, टेप गुंडाळलेला पॅक घेऊ नये, कितीही स्वस्त असो.

नवा कंट्रोलर आम्ही तितक्याच व्होल्टचा आणि तितक्याच प्रवाहाचा घेतला, मात्र वीज लहरीसारखी सोडणारा. जुना झटक्याने सोडायचा. आता गाडी सुटताना घरघर करत नाही, धक्का देत नाही. वेग पूर्वीइतकाच आहे. पल्ला मात्र एका चार्जमध्ये ४५ किलोमीटरच्या आसपास भरतो. सुधारणा म्हणायची ती हीच.

वेग का वाढवू नये?

अशा मोटरचा वेग व्होल्टच्या प्रमाणात वाढतो. ४८ चे ६० केले तर ताशी २५ चे ३१ होतात. मुलांना वाटते, सहाच तर वाढले. पण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते, ती दीडपटीहून जास्त होते. ब्रेक मात्र जुनेच राहतात.

दुसरी गोष्ट कायद्याची. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार ज्या बॅटरीच्या दुचाकीची मोटर पाव किलोवॅटपेक्षा कमी आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असतो, आणि जी वजनाच्या मर्यादेत बसते, ती मोटार वाहन धरली जात नाही. म्हणून तिला नोंदणी आणि परवाना लागत नाही. याच सवलतीमुळे आमची कित्येक मुले तिच्यावर शाळेत येतात. वेगाची तार तोडली किंवा मोठा कंट्रोलर बसवला की ती सवलत संपते. घरातली खेळण्यासारखी स्कूटर विनानोंदणी, विनाविमा मोटार वाहन होते. आणि अल्पवयीन मुलाच्या हातून मोटार वाहन कायद्याखाली गुन्हा घडला, तर २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे पालकाला किंवा मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे वाक्य पालकांनी पुन्हा एकदा वाचावे.

पालकांना आणि विश्वस्तांना विनंती

बॅटरी रात्री सगळे झोपल्यावर, जिन्याखाली किंवा घराच्या एकमेव दारापाशी चार्ज करू नये. उन्हातून आलेली गाडी अर्धा तास निवू द्यावी. पॅक फुगला, गरम लागला किंवा धूर आला तर सामान वाचवत बसू नये, माणसांनी बाहेर पडावे आणि ११२ लावावा. जुन्या बॅटऱ्या कचऱ्यात न टाकता परत घेणाऱ्या विक्रेत्याला द्याव्यात. शिसे विषारी असते. शाळेच्या सायकल स्टँडवर चार्जिंगची सोय मागणारे अर्ज आले आहेत. स्वतंत्र फ्यूज असलेली उघड्यावरची जागा होईपर्यंत विश्वस्तांनी ती परवानगी देऊ नये, असे आमचे मत आहे.

आणि तो दहावीचा विद्यार्थी? त्याला आम्ही फुटलेले धारित्र हातात दिले आणि त्यावरचा आकडा वाचायला सांगितला. त्याने वाचला, पाचला गुणले आणि हसला. आता तो शनिवारी प्रयोगशाळेत मल्टिमीटर घेऊन धाकट्यांना व्होल्ट मोजायला शिकवतो.

स्वाध्याय

१. ४८ व्होल्ट, २४ अँपिअर-तासांच्या बॅटरीत किती वॅट-तास ऊर्जा असते?
२. १५ अँपिअरच्या कंट्रोलरने ४८ व्होल्टवर जास्तीत जास्त किती वॅट घेतले जातील?
३. तुमच्या घरच्या स्कूटरच्या चार्जरवर आणि बॅटरीवर छापलेले आकडे वहीत लिहा. ते एकमेकांशी जुळतात का, हे आई-वडिलांना समजावून सांगा.

उत्तरे पुढच्या अंकापूर्वी कार्यालयात द्यावीत. तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तराखाली पालकांची सही हवी.

आपले,
प्राचार्य