जुन्या कोरीव दारांचा प्रवास

जोगेश्वरीजवळचा ओशिवऱ्याचा बाजार जुन्या लाकडी सामानासाठी प्रसिद्ध आहे. मोडलेल्या वाड्यांची आणि हवेल्यांची कोरीव दारे तेथे येतात व अंधेरी-वर्सोव्याच्या सदनिकांत भिंतीची शोभा किंवा काच बसविलेले मेज होतात. जळणात जाण्यापेक्षा हे बरेच म्हणावयाचे.

तथापि दार म्हणजे केवळ दोन झडपा नव्हेत. सागवानी चौकट, उंच उंबरठा, वरची गणेशपट्टी, कडी-कोयंडा आणि आतला अडसर मिळून ते पुरे होते. पुष्कळ जुनी दारे बिजागऱ्यांवर नव्हे, तर झडपेच्याच लाकडातून काढलेल्या खुंटांवर फिरत. चौकट मागे राहिली की ही रचना उमगत नाही. गाव तर पुष्कळदा विक्रेत्यालाही ठाऊक नसते.

१९७२ च्या पुराणवस्तू व कलानिधी कायद्यानुसार इमारतीपासून सुटी केलेली, किमान शंभर वर्षांची वस्तूही पुराणवस्तू ठरते. तिच्या व्यापारास परवाना लागतो आणि खाजगी व्यक्तीस ती निर्यात करता येत नाही. वाडा उतरविण्यापूर्वी दाराचे छायाचित्र, मापे, गाव व घराचे नाव पंचायतीच्या वहीत नोंदविता येते. शाळेतील मुलांनाही हे काम एका दुपारी जमण्यासारखे आहे.