ग्रंथालय कर्मचाऱ्यांचे स्वगती प्रशिक्षण

हुबळी शहराची जुनी व नवी अशी दोन अंगे आहेत. नवी हुबळी अठराव्या शतकात व्यापारी पेठ म्हणून वसली. जुनी हुबळी तिच्याहून प्राचीन असून सिद्धारूढ स्वामींच्या मठामुळे ती दूरवर परिचित झाली आहे. धारवाड जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात मोडत असे. त्या जुन्या संबंधामुळे व व्यापार-रेल्वेच्या निमित्ताने झालेल्या वर्दळीमुळे येथे कन्नड, उर्दू व मराठी या तिन्ही भाषा कानी पडतात. अशा वस्तीत वाचनालय चालविणाऱ्या कर्मचाऱ्याला तीन लिप्यांतील ग्रंथांची नोंद ठेवावी लागते व तीन भाषांतून विचारणा करणाऱ्या वाचकांचे समाधान करावे लागते. पूर्वी हे कार्य नोंदवही व तालिकापत्रे यांच्या साहाय्याने होत असे. आता संगणक व आंतरजाल यांवाचून त्याचे चालत नाही. परंतु ही साधने हाताळण्याचे शिक्षण त्याला कोणी, केव्हा व कोठे द्यावे हा प्रश्न पूर्णपणे सुटलेला नाही.

जिल्ह्याच्या ठिकाणी एक-दोन दिवसांचा वर्ग भरविणे ही प्रचलित पद्धत होय. तिचे काही लाभ आहेत, हे नाकारता येणार नाही. तथापि जेथे एकच कर्मचारी असतो तेथे तो वर्गास गेला म्हणजे वाचनालयाचे दार बंद राहते. शिवाय वर्गात झपाट्याने दाखविलेली कृती महिन्याभराने प्रत्यक्ष करू जाता आठवत नाही. महाराष्ट्रात ही अडचण विशेष जाणवते. कर्नाटकात १९६५ च्या अधिनियमाने सार्वजनिक ग्रंथालये शासकीय खात्याच्या कक्षेत आणली व त्यांच्यासाठी उपकराची तरतूद केली. महाराष्ट्रात १९६७ च्या अधिनियमानुसार अकरा हजारांहून अधिक ग्रंथालये स्थानिक संस्थांच्या कार्यकारी मंडळांमार्फत व शासकीय अनुदानावर चालतात. त्यांतील 'ड' वर्गाच्या ग्रंथालयाचा भार बहुधा एकाच व्यक्तीवर असतो. त्या व्यक्तीला वर्गास बोलाविणे म्हणजे गावाचे वाचन त्या दिवसापुरते थांबविणे होय.

शार्लट येथील प्रयोग

या अडचणीवर एक निराळा उपाय अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात २००६ मध्ये योजण्यात आला. शार्लट व मेक्लनबर्ग परगण्याच्या सार्वजनिक ग्रंथालयात तंत्रविभाग सांभाळणाऱ्या हेलीन ब्लोअर्स यांनी कर्मचाऱ्यांपुढे तेवीस लहान कृतींची एक मालिका ठेवली. तिची कल्पना स्टीफन एब्रम यांच्या एका लेखातील त्रेचाळीस गोष्टींच्या यादीवरून सुचली होती. मालिकेस नऊ आठवड्यांची मुदत होती. तीत व्याख्याने नव्हती, परीक्षाही नव्हती. प्रत्येकाने एक कृती वाचावी, आपल्या सवडीने ती करून पाहावी व काय जमले, काय अडले याची नोंद जालावरील आपल्या नोंदवहीत लिहावी, एवढाच नियम होता. छायाचित्रे जालावर ठेवणे, बातम्यांचा ओघ एके ठिकाणी जमविणे, अनेकांनी मिळून एक मजकूर सिद्ध करणे, आपल्या ग्रंथसंग्रहाची यादी लायब्ररीथिंग या संकेतस्थळावर मांडणे, अशा त्या कृती होत्या. त्यांतील एक साधन तर आपल्याच देशातील होते: लेखनासाठी सुचविलेले 'झोहो रायटर' चेन्नई येथील तंत्रज्ञांनी घडविले होते. मालिका पूर्ण करणाऱ्यास ध्वनिमुद्रणे ऐकण्याचे छोटे यंत्र भेट मिळे. बक्षिसाचे हे आमिष प्रौढांसाठी पोरकट आहे असे कोणी म्हणेल; परंतु ते यंत्रही शिकण्याचेच एक साधन होते, हे लक्षात घेतले म्हणजे योजकतेचे कौतुक वाटते.

ही मालिका इतरांना मुक्तपणे वापरता व बदलता येईल अशा परवान्याने प्रसिद्ध झाल्याने ती मेलबर्नजवळच्या यारा प्लेंटी ग्रंथालयासह अनेक देशांत पोहोचली. येथे एक गोष्ट मात्र ध्यानी घेण्याजोगी आहे. त्या तेवीस कृतींतील ब्लॉगलाइन्स, रोलिओ आदी साधने आज मूळ रूपात उरलेली नाहीत. ज्याने केवळ कोणती कळ कोठे दाबावयाची एवढेच पाठ केले त्याचे श्रम वाया गेले. ज्याने अपरिचित साधन समोर येताच ते न घाबरता चाचपून पाहण्याची सवय लावून घेतली त्याला नव्या साधनांची भीती वाटली नाही. म्हणून परक्या यादीचे भाषांतर करून ती आपल्याकडे वाटणे निरर्थक ठरेल. कृती येथल्या कामातून निघाल्या पाहिजेत.

नमुन्याचा एक पाठ

जुन्या हुबळीसारख्या ठिकाणी पहिली कृती लिपीसंबंधी असावी. संगणकावर भरलेल्या सूचीतील एखाद्या मराठी ग्रंथाचे शीर्षक निवडून ते शोधयंत्राच्या चौकटीत उतरवावे. अक्षरे जशीच्या तशी उमटली तर ती युनिकोड संकेतप्रणालीत आहेत. त्यांच्या जागी रोमन अक्षरांची व चिन्हांची निरर्थक गर्दी दिसली, तर नोंद जुन्या पद्धतीच्या टंकात झाली आहे असे समजावे. अशी नोंद कागदावर छापता सुबक दिसते, पण शोधणाऱ्याला ती कधीच सापडत नाही. पुस्तक कपाटात असते आणि वाचक मात्र 'नाही' हे उत्तर घेऊन परततो.

दुसरी कृती टंकलेखनाची. इन्स्क्रिप्ट कळफलकाची रचना ध्वनीवर आधारलेली असल्यामुळे ज्या कळीवर देवनागरीचा 'क' उमटतो त्याच कळीवर कन्नडचा 'क'ही उमटतो. एका लिपीत हात बसला की दुसरीसाठी केवळ भाषेची निवड बदलावी लागते. बोटांना नवे काही शिकावे लागत नाही. दोन्ही भाषांतील ग्रंथ सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याचे कित्येक दिवसांचे श्रम यामुळे वाचतात. उर्दूसाठी मात्र निराळा कळफलक आवश्यक असून त्याचा सराव स्वतंत्रपणे करावा लागेल.

तिसरी कृती शोधाची. या शहराचे अधिकृत नाव २०१४ पासून 'हुब्बळ्ळी' झाले आहे, परंतु मराठी ग्रंथांत ते 'हुबळी' असेच आढळते. दोन्ही रूपांनी वेगवेगळा शोध घेऊन हाती काय लागते ते ताडून पाहावे. 'ग्रंथ' व 'ग्रन्थ' अशा लेखनभेदांचीही तीच कथा आहे. यानंतर २०१८ मध्ये राष्ट्राला अर्पण झालेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय, कर्नाटक शासनाचे डिजिटल सार्वजनिक ग्रंथालय आणि २००३ मध्ये सुरू झालेला मराठी विकिपीडिया यांकडे वळावे. शाळेतील शिक्षकांनी मागितलेला एखादा खरा विषय घेऊनच हा शोध करावा. कल्पित विषयावरचा सराव सहसा अर्ध्यावर सोडला जातो.

प्रशिक्षण आपल्या गतीने घ्यावयाचे असले तरी त्यासाठी वेळ कोठून यावयाचा, याचे उत्तर कर्मचाऱ्यावर सोपविणे न्याय्य नव्हे. तुटपुंज्या मानधनावर काम करणाऱ्याने घरी, स्वतःच्या भ्रमणध्वनीवर, स्वतःच्या खर्चाने शिकावे ही अपेक्षा म्हणजे सवलतीच्या नावाखाली टाकलेला बोजा होय. वाचनालयाच्या वेळापत्रकात आठवड्यातून एक तास यासाठी नेमून तो दाराबाहेरील फलकावर लिहावा. वाचनकक्ष तेवढ्या काळात उघडा ठेवावा आणि देवघेव तेवढी थांबवावी. कार्यकारी मंडळाने त्या तासाची नोंद इतिवृत्तात घ्यावी व तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्याने प्रमाणपत्राऐवजी कर्मचाऱ्याची नोंदवही पाहावयास मागावी. त्या नोंदवहीत तारीख, केलेली कृती, आलेली अडचण आणि त्या आठवड्यात सूचीतील किती जुन्या नोंदी युनिकोडमध्ये आणल्या तो आकडा, एवढा मजकूर पुरेसा आहे.