वण का वाढतो?

सायकलच्या जुन्या ट्यूबची एक पट्टी घ्या. शिक्षकांच्या देखरेखीखाली तिच्या मध्यभागी ब्लेडने दोन लहान चिरा पाडा. एक पट्टीच्या लांबीला समांतर, दुसरी आडवी. आता दोन्ही टोके धरून पट्टी हळूच ताणा. उभी चीर मिटलेलीच राहते, आडवी मात्र 'आ' वासते.

आपली त्वचाही अशीच ताणलेली असते. व्हिएन्नाचे शरीररचनाशास्त्रज्ञ कार्ल लांगर यांनी १८६१ मध्ये मृतदेहांच्या त्वचेला गोल टोच्याने भोके पाडली, तेव्हा ती लांबट झालेली दिसली. त्यांच्या दिशेवरून काढलेल्या रेषांना 'लांगर रेषा' म्हणतात. ताणाच्या रेषांना समांतर छेद घेतल्यास जखम कमी फाकते व वण बारीक राहतो. शल्यविशारद शक्यतो तसाच छेद घेतात.

जखम भरताना पेशी कोलॅजेन या प्रथिनाचे तंतू तयार करून फट सांधतात. हा सांधा मूळ त्वचेच्या फार तर ८० टक्के बळकट होतो. काही वेळा तंतू गरजेपेक्षा जास्त तयार होतात. असा जाड वण जखमेच्या हद्दीत राहिला, तर बहुधा हळूहळू बसतो. हद्द ओलांडून निरोगी त्वचेवर पसरला, तर तो केलॉइड होय.

छाती व खांद्यावर ताण अधिक असतो. तेथे केलॉइड वारंवार आढळतो, पापणीवर क्वचितच. परंतु ताण हे एकच कारण नव्हे. कानाच्या पाळीवर फारसा ताण नसूनही कान टोचल्यावर तेथे केलॉइड होऊ शकतो. आनुवंशिकतेचाही त्यात वाटा असतो, आणि सावळ्या व काळ्या वर्णाच्या लोकांत तो अधिक दिसतो. म्हणून घरात कोणाला केलॉइड असेल, तर हौसेखातर टोचून किंवा गोंदवून घेऊ नये.

जखम स्वच्छ ठेवावी, खपली काढू नये. जखम पूर्ण भरल्यावर डॉक्टरांच्या सल्ल्याने सिलिकॉनची पट्टी रोज १२ तास किंवा अधिक, काही महिने लावतात.

केलॉइड नुसता कापला, तर ती नवी जखमच ठरते आणि तो पुष्कळदा पुन्हा वाढतो. म्हणून डॉक्टर गाठीत स्टिरॉइडची इंजेक्शने देतात. शस्त्रक्रिया केलीच, तर तिला इंजेक्शने, दाब किंवा किरणोपचार यांची जोड देतात. जाळण्याचे वा दोऱ्याने बांधण्याचे उपाय घरी करू नयेत.

केलॉइड कर्करोग नव्हे आणि तो स्पर्शाने पसरत नाही. वर्गात कोणाला असेल, तर त्याच्या शेजारी बसायला कचरण्याचे कारण नाही.